चुका पोटात घालणारा

स्वॉन्झीच्या चॅपेलमागच्या खोलीत
दर दुसऱ्या शनिवारी लोक मोडकी इस्त्री, मुके रेडिओ घेऊन येतात.
मी रिकाम्या हातांनी गेले.
मला एक दिवा करायचा होता,
दाराची घंटा दाबली की पेटणारा.

ह्यांना हल्ली घंटा ऐकू येत नाही.
मान्य मात्र नाही.
म्हणतात, इथला पोस्टमन घंटा दाबतच नाही.
पोस्टमन म्हणतो, दोनदा दाबली.
आमची पार्सलं प्रॉसरबाईंच्या जिन्याखाली नांदतात.

ग्लेनिस टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली,
नखांत अजून कथलाचा करडेपणा.
तिने टेबलावर चार बोर्ड मांडले.
मी विचारलं, कुठला घेऊ?
आणि माझी मलाच ओळख पटली:
एकतीस वर्षं मी औषधांच्या काउंटरमागे उभी होते,
हाच प्रश्न, हाच चेहरा, रोज समोर.

हा पिको, च्युइंगगमच्या कांडीएवढा,
स्वस्त, पण पाय तुलाच डकवावे लागतील.
हा मायक्रोबिट, शाळेतल्या पोरांचा,
दिवे न् बटणं अंगावरच घेऊन आलेला.
हा वायफायवाला.
घंटा वाजली की ब्रिस्टलला लेकीच्या फोनवर निरोप जाईल.
नको, म्हटलं.
ती लगेच फोन करील, बाबा पडले का म्हणून.

चौथा निळा, जरा थोराड, अर्डुइनो.
जुना आहे, ग्लेनिस म्हणाली,
फार हुशार नाही,
पण चुका पोटात घालतो.
आणि पहिला बोर्ड कसा घ्यावा सांगू?
जळला तरी रडू येणार नाही असा.

मग तिने तेच विचारलं
जे मी गिऱ्हाइकाला विचारायचे:
कोणासाठी हवाय?
जिभेवर 'ह्यांच्यासाठी' आलं होतं.
माझ्यासाठी, म्हटलं.

घरी आले. स्वयंपाकघराच्या टेबलावर
एक इवलासा दिवा सेकंदाला उघडमीट करू लागला.
एवढंच. धुळाक्षरं.
मी चहा गार होईस्तोवर बघत बसले.

पुढचं सोपं नव्हतं.
एक अर्धविराम विसरले
तर कॉम्प्युटर सोळाव्या ओळीवर अडून बसला.
चिडायला तोंड नव्हतं,
एका टिंबाने मात्रा दसपट होते
हे मीच नवशिक्यांना बजावत आले.
मंगळवारी रेझिस्टर न लावता दिवा खोचला.
चट् झालं, वास सुटला,
आणि पलीकडच्या खोलीतून हे ओरडले,
अगं, काहीतरी करपतंय!
नाक शाबूत आहे म्हणायचं.

बोर्ड मात्र जिवंत.
उलटा जोडला, सुलटा जोडला,
दोनदा टेबलावरून पाडला.
निळा बापडा तसाच.

काल दाराच्या चौकटीला बटण बसवलं,
वायर गालिच्याखालून नेली,
दिवा ह्यांच्या खुर्चीसमोर, शब्दकोड्याच्या वर.
काही सांगितलं नाही.
बाहेर जाऊन, समुद्राचा वारा कानांत घेत,
मी माझ्याच दाराची घंटा दाबली.

बराच वेळ गेला.
वाटलं, वायर निसटली.
मग साखळी खळखळली, दार उघडलं,
हातात पेन, चष्मा कपाळावर.
माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत म्हणाले,
सुधारला वाटतं पोस्टमन.