सत्तावीस नंबर

आधी मागची सीट काढली.
चार बोल्ट, त्यातला एक गंजून हट्टाला पेटलेला.
खाली निघालं ते असं :
दोन रुपयांची पाच नाणी, वहीचं एक लेबल,
म्हापशाच्या बाजारातल्या मिरच्यांच्या बिया
आणि कधीतरी सांडलेल्या सोलकढीचा नकाशा,
कुठल्याच देशाचा नसलेला.

कायतान म्हणाला, "बाये, ही गाडी न्हय, संदूक."
बारा वर्षं त्याने नुसते टिपर दुरुस्त केले.
खाणी बंद पडल्या तेव्हा त्याच्या बोटांना
एवढ्याशा नटांची सवय लावून घ्यावी लागली.

स्टेपनी गेली. जॅक गेला. छत्री, पायपोस,
डिकीतली ती नारळांची गोणी गेली.
डॅशबोर्डवरचा गणपती मी काढणार नव्हते.
त्याने तो तळहातावर तोलला,
क्रूस करावा तसा क्षणभर थांबला, म्हणाला,
"चाळीस ग्रॅम. रावूं दी."

ब्रेकचं तेल बदलायला दोन माणसं लागतात.
एकाने पेडल दाबायचं,
दुसऱ्याने चाकापाशी वाकून नळी धरायची.
"दाम. धर. सोड."
कुंडईच्या शेडमध्ये बाहेर अंधार पडेपर्यंत
दाम, धर, सोड.
बाटलीत काळपट तेल, त्यात बुडबुडे,
मग एखादाच, मग अर्धा,
मग नुसती नितळ धार.
ट्रेझरीत सोळा वर्षं बिलं पास करते मी.
माझ्या एका पायाच्या जोरावर
कुणी एवढं अवलंबून राहिल्याचं आठवत नाही.

मुलीने चिकटपट्टीने दारावर नंबर लिहिला, २७,
आमच्या आकड्यांत, सातचा पाय जरा वाकडा.
घड्याळवाला बंगळुरूचा. त्याला वाचता येईना.
"हे काय आहे?"
"सत्तावीस," ती म्हणाली,
जणू त्याचंच चुकलं होतं.

रिवणच्या अलीकडे जुनं खनिज रचायचं मैदान.
डोंगरासारखे ढीग होते तिथे आता सपाट,
कडेला रानटी सुरंगीचं एक झाड
आणि मधोमध केशरी शंकू.
कायतान जमिनीकडे बघत चालला,
पुटपुटला, हितें, हितेंच, बकेटीचो कांटो.
पुढे काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

हेल्मेट उसनं. आत कुणाच्या तरी खोबरेलाचा वास.
झेंडा पडला.
रिकाम्या डब्यासारखी वाजत गेली ती,
पत्र्याचा आवाज, खड्यांचा आवाज,
माझ्या श्वासाचा तर फारच.
तिसऱ्या वळणाला हातब्रेक ओढला
आणि मागचा भाग, जो इतकी वर्षं
मुकाट माझ्या मागून आला होता,
एकदाचा स्वतःच्या मनाने निघाला.
मी ओरडले. भीतीने नाही.
"शंकूकडे पळोवं नाका," कायतानने बजावलं होतं,
"पळयतलें थंय वतलें."
मी पाहिलं. गेले.
शंकू उडाला, दोन सेकंदांचा दंड.
एक मिनिट चौदा पूर्णांक चार.
तेविसांत एकोणिसावी.

रविवारी रात्री सीट परत बसवली.
वाटीत एक बोल्ट उरला. गंजलेलाच.
कायतानला फोन केला नाही.

सकाळी चिकटपट्टी सोलली
तर लाल धुळीत खालचा पांढरा रंग
आकड्याच्या आकाराने स्वच्छ राहिलेला.
धुवायला वेळ नव्हता. खरं म्हणजे, होता.
बोरीच्या पुलावर एका बुलेटवाल्याने बाजूने जाताना
दार पाहिलं, मग मला पाहिलं,
साडी, डबा, चष्मा,
पुन्हा दार पाहिलं,
आणि मागे झाला.

पूल संपता संपता खड्डा आला.
मागे, चौथ्या बोल्टच्या जागी,
सीट म्हणाली, टक्.