क्षार क्रमांक सात

जानेवारीत आमच्या कॉलेजच्या मागच्या खिडक्या
कुणी उघडत नाही.
माळावर पथाऱ्या पसरलेल्या,
नजर जाईल तिथवर मिरची,
वारा फिरला की अख्खी बारावी सायन्स
एकदम शिंकते.
सर फळ्याकडे तोंड करून म्हणतात,
नंदुरबारचं पोरगं ठसक्यावर ओळखावं.

माझी आई त्या मिरचीत बसते.
देठं खुडते, किलोवर पैसे.
रात्री तिच्या बोटांना खोबरेल लावून देतो मी
आणि त्याच हातांनी डोळे चोळतो.
तू विचारलंस तेव्हा, सेवंती,
एवढंच कारण सांगितलं होतं.
सगळं नव्हतं ते.

तू मोलगीची.
देवगोईचा घाट उतरून आलीस
हिरवी पत्र्याची पेटी घेऊन, कुलूप नसलेली.
म्हणालीस, तुमच्याकडे लाल वाळतं, आमच्याकडे पांढरं.
चैत्र-वैशाखात आई कैऱ्या सोलते,
छपरावर, खाटेवर, दगडांवर
चकत्याच चकत्या.
पिकेपर्यंत थांबणं परवडत नाही ना,
म्हणून आमचूर.

सरावाच्या शेवटच्या दिवशी
आपल्या वाट्याला आला क्षार क्रमांक सात.
तू नळी तिरकी धरलीस,
मी ॲसिड सोडलं कडेकडेनं,
थेंब, मग थेंब, श्वास रोखून.
दोन पाण्यांच्या मधे
बारीक तपकिरी कडं उभं राहिलं.
हलवू नकोस, तू म्हणालीस, हललं की जातं.
मग जर्नलमध्ये काय लिहू?
दिसलं, असं लिही.

निरोप समारंभाला तू कुणाची तरी उसनी साडी नेसलीस,
पदर सारखा खांद्यावरून घसरत होता.
पाहुणे म्हणाले, भविष्य तुमच्या हातात आहे.
मी हात पाहिले.
डाव्या तळव्यावर कालचं गणित,
अर्धं पुसलेलं.

मामानं सुरतेत बोलून ठेवलंय.
साड्यांची मिल, रंगखातं.
पोरगं सायन्सचं आहे, म्हणे, रंग कळतील त्याला.
तू नाशिकचा नर्सिंगचा फॉर्म भरलास;
यादी कधी लागेल, कुणी सांगत नाही.
नाही लागली तर?
तर आमचूर, तू हसलीस,
आणि हसू तिथंच टाकून
पाण्याच्या टाकीकडे गेलीस, तहान नसताना.

घरी काही सांगितलेलं नाही.
सांगायला नाव लागतं
आणि आपण अजून ते ठेवलेलं नाही.
आईनं एकदा तुझं आडनाव विचारलं.
वसावे, मी म्हणालो.
ती भाकरी थापत राहिली,
नेहमीपेक्षा जरा जोरात.

शेवटचा पेपर जीवशास्त्राचा.
सुटल्यावर मुलं एकमेकांच्या शर्टांवर नावं लिहीत होती.
तू पेन काढलंस, टोपण उघडलंस, परत लावलंस.
हा एकच पांढरा शर्ट आहे तुझा, म्हणालीस.

एसटी स्टँडवर पेटी मी सीटखाली सरकवली.
खिडकीतून तू कागदाची पुडी दिलीस,
गेल्या वर्षीचा आमचूर, काळसर पडलेला.
होळीला ये, म्हणालीस.
आमच्याकडे होळीचा बांबू उभा करतात ना,
त्याचा खड्डा हातांनीच खणायचा असतो.
कुदळ चालत नाही.
वेळ लागतो मग.
मला विचारायचं होतं,
परक्याचे हात चालतात का?
कंडक्टरनं दोरी ओढली.

घरी आलो तर आई दारातच.
तुना डोया लाल काब्र रे?
मिरची, मी म्हणालो.

पथाऱ्या आठवड्यापूर्वीच उचलल्या होत्या.
माळ उघडा, नुसती धूळ,
देठांचे ढीग इकडेतिकडे.
तिनं माळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
मग खोबरेलाची वाटी
न बोलता
माझ्याकडे सरकवली.