जवळ जायचं

खोका उघडण्याआधी कुनिहिरोने हात धुतले.
लग्नाच्या दिवशीही इतके धुतले नसतील.
पोलादाच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्रेन चालवलेले हात,
नखांकडेची काळी रेघ आता कातडीचाच भाग,
आणि त्या बोटांत ही डबी,
साबणदाणीएवढी, काळी,
मांजराच्या जिभेसारखी खरखरीत.

मी स्वयंपाकघरातून वजनकाटा आणला.
तीनशे अकरा ग्रॅम. बॅटरी, कार्ड धरून.
'मुळ्याचा तुकडा भरतो एवढा,' मी म्हटलं.
त्याला लागलं असावं.
'आत सेन्सर मोठाय,' तो म्हणाला.
'असेल.'
दोन बोनस गेले होते त्या मोठेपणात,
आणि न्हाणीघरातला हीटर अजून खोकत होता.

मग त्याचं सुरू झालं.
कड्याची टिचकी ऐक.
ऐकली. बोटं मोडल्यासारखी,
पण तान्ह्या बाळाची.
चालू व्हायला वेळ लागत नाही. मेनू मात्र
सरकारी कचेरी, या खिडकीतून त्या खिडकीत.
डोळा लावायला खिडकी नाहीच,
हात लांब करून धरायचा,
चाळिशी लागलेल्याने पेपर धरावा तसा.
आणि झूम नाही.

'नाही म्हणजे?'
'नाही म्हणजे नाही. जवळचं हवं असेल
तर जवळ जायचं.'

इतक्या सहज म्हणाला
की भांडी विसळता विसळता मी नळ बंद केला.
एकतीस वर्षं हा माणूस उंचावरून खाली बघत आला.
घरी आला तरी जेवताना
थोडा वरच बसलेला असायचा.

रात्री डोंगरावर गेलो. मुरोरानचा ऑक्टोबर,
वारा कानात शिरून परत यायचं नाव घेत नाही.
साप्पोरोहून आलेली पोरं तिवया रोवून उभी,
एकेकाची लेन्स थर्मासएवढी.
त्यांच्यात हा, तळहातावर डबी घेऊन.
कानटोपीवाला एक मुलगा वळला,
'नवा आलाय तोच का?'
हातात घेतला, पालथा केला, कडं एकदाच फिरवलं,
आणि दोन्ही हातांनी परत दिला.
त्या दोन हातांचं कौतुक घरी पोचेपर्यंत चालणार होतं.

खाली कारखाना पेटलेला. नळ्या, जिने, धूर,
नारिंगी आणि कसलातरी हिरवा.
पडद्यावर मात्र
काळ्या लुगड्याच्या काठाला जर लागावी
तेवढाच. बाकी सगळा अंधार.
'कमी उजेडात जरा चाचपडतो,' तो म्हणाला.
कोण नाही, मी मनात म्हटलं.
जवळ जाणार कसा?
मध्ये खाडी, कुंपण,
आणि मार्चमध्ये संपणारी नोकरी.
तरी त्याने काढले, सत्तावीस की अठ्ठावीस,
सगळे एकसारखे.

'दे इकडे.'
दोरी मनगटात अडकवली.
पडद्यावर एक टोपी, एक जाकीट, आत कोणीतरी.
मी एक पाऊल टाकलं.
अजून एक.
तो मागे सरला, पाठीला कठडा लागला.
तिसऱ्या पावलाला त्याच्या तोंडाचा
डब्यातल्या कॉफीचा वास आला.
हिरवा चौकोन भिरभिरला,
नाक, कॉलर, पुन्हा नाक,
मग कुठेतरी बसला.
आवाज इतका बारीक
की मला वाटलं, निघालाच नाही.

सकाळी तो खोडत बसला, एकेक करून.
तारीख लावायची राहिली होती,
कॅमेऱ्याच्या मते कालची रात्र
म्हणजे एक जानेवारी, पहाटेचे दोन.
एका ठिकाणी अंगठा थांबला.
मी भाताचं भांडं पुसत होते, पुसतच राहिले.

'कान शार्प आलाय,' तो म्हणाला.
'आणि डोळे?'
'हललेत.'
अंगठा कचऱ्याच्या खुणेवर. तसाच.
'तू फार जवळ आली होतीस.'

तक्रार होती की काय, कळलं नाही.
आत हीटर खोकला.