वर्तणूक : चांगली

मे संपत आला. ऑफिसातला कूलर नुसता आवाज करतो.
खिडकीच्या जाळीपल्याड बारावीची रांग,
जाळीअलीकडं मी, कनिष्ठ लिपिक,
सतरा वर्षं कनिष्ठच.
भिंतीवर उदगीरच्या किल्ल्याचं कॅलेंडर,
गेल्या वर्षीचं.

दाखल्यावर रकाने पुष्कळ.
नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख अंकी, अक्षरी.
माणसासाठी जागा म्हणाल तर अर्धा इंच:
वर्तणूक.
तिथं मी लिहितो, चांगली.
हात आपोआप लिहितो, मी फक्त शाई भरतो.

कोरे शिवलीला मन्मथअप्पा.
घरात कन्नड, गल्लीत दखनी, पेपरात मराठी.
"मातृभाषा?"
"कोणती सांगू सर, भांडायची का लाडाची?"
हिनं वक्तृत्वाच्या दोन ढाली आणल्या,
दोन्ही वेळा शेवटची एसटी चुकवून,
दोन्ही वेळा ओढणीत गुंडाळून,
जणू चोरून आणल्यात.
वकील व्हायचंय. कुणाशी भांडायचं, तेही ठरलंय.
मी मराठी लिहितो. रकान्यात एकच भाषा मावते.

सय्यद तय्यबा.
शेजारी अब्बा, बोटांना बांगड्यांच्या लाखेचा वास.
"नीट रिपीट करेगी," अब्बा सांगतात,
"लातूर में रूम देख लिया, तीन लडकियों में."
ती जाळीशी वाकून हळूच:
"सर, किल्ल्यातली वटवाघळं एकशे बारा झाली.
मागच्या साली सत्त्याण्णव होती."
ह्याचा रकाना नाही, बाळ.
मी आकडा ब्लॉटिंग पेपरवर टिपून ठेवतो.

राठोड सेवादास, तांड्यावरचा,
मोज्यात कायम स्क्रू ड्रायव्हर.
कॉलेजची घंटा ह्यानंच बसवली,
आणि परीक्षेच्या दिवशी तीच पाच मिनिटं
उशिरा कुणी वाजवली, ते मला माहीत नाही.
मला माहीत नाही, असं मी साहेबांना सांगितलं.
"पुढं काय?"
"पवनचक्की, सर. दुरुस्तीवाले वर चढतेत नव्हं, तसलं.
एकदा वरून तांडा बघायचाय."
मग न विचारता आत येतो, कूलरच्या पाठीत थाप घालतो,
काहीतरी पिळतो.
पाणी वाहू लागतं.

गायकवाड धम्मदीप.
निरोप समारंभात माईक ओढून ह्यानं माझी नक्कल केली:
"झेरॉक्स काढा. ओरिजिनल जपा. परत मिळणार नाही."
हॉल हसला, मीही हसलो,
घरी जाऊन आरशासमोर एकदा म्हणून बघितलं.
हुबेहूब.
शाळा सोडण्याचं कारण: पुढील शिक्षणासाठी.
"तसं नका लिहू सर," तो म्हणाला, पहिल्यांदाच न हसता,
"खोटं निघालं मंजे?"
मी म्हणालो, "कारण विचारलंय रे, शपथ नाही."

दुपार टळली. रांग आटली.
सुरनर गंगासागर तुकाराम.
मी नाव दोनदा वाचलं.
ढाल नाही, तक्रार नाही, नाच नाही, दंड नाही.
दोन वर्षं ही कुठं बसत होती?
हजेरी मात्र पूर्ण.
लिहिलं. ती जाळीतून उलटं वाचत होती.
"चांगली मंजे, सर?"
"मंजे... चांगली."
"मला वळखलंव का तुम्ही?"
मी शिक्का शोधायला लागलो.
"पहाटं दूध आणाया जाताव नव्हं नळेगाव रोडनं,
तवा पळती ती मीच.
आठशे मीटर, तीन मिनिटं दोन सेकंद.
भरतीपातूर अजून वीस तोडायचेत."

रोज अंधारात एक ओढणी कमरेला बांधलेली
माझ्या सायकलीला मागं टाकून जायची.
मी घंटीही वाजवायचो, बाजूला हो म्हणून.

शिक्का मारला. हात हलला असावा,
वर्तणुकीवरच शाई पसरली, निळा फराटा,
कुणीतरी जोरात निघून गेल्यासारखा.
"थांब, दुसरा करून देतो."
तिनं दाखला वाऱ्यावर धरला, कूलरच्या थंड वाऱ्यावर,
वाळेपर्यंत.
"असू द्या," म्हणाली, "वळखू ईल."