पन्नास वॉट

पहिला हीटर दोनशेचा होता.
मोठा घेतला म्हणजे चांगला, असं मला वाटलं,
सासऱ्यांना मोटारसायकलबद्दल वाटतं तसं.
डिसेंबरात एका रात्री आतली पट्टी चिकटली
आणि तो तापत राहिला,
कुणी पुरे म्हणालं नाही.

सकाळी ईश्वरीनं झाकण उघडलं.
काचेला आतून घाम,
सात मासे वर, पांढरे पडलेले.
तिनं काही विचारलं नाही.
दप्तर घेतलं आणि रिक्षात जाऊन बसली.
मीच पुरले, जास्वंदाच्या कुंडीत,
एंजल, मॉली, आणि एक शेपूटतुटका
ज्याला तिनं आमच्या पोस्टमनचं नाव दिलं होतं.

आप्पा पायरीवरून बघत होते.
एकेचाळीस हंगाम गुऱ्हाळावर काढलेला माणूस.
वाठारपासून रेठऱ्यापर्यंत काहील कुणाचीही असो,
उतरवायच्या वेळी हाक हिंदुरावला.
म्हणाले, "जाळ कुणीबी लावतंय रं.
काढायचा कवा, ते कळतंय त्यो गुळव्या."
मग बराच वेळ काही नाही.
मग, "तुझ्या त्या दांडीला कळलं न्हाई."

रविवारी कानाला मफलर बांधून
ते माझ्यामागं गाडीवर बसले, मधे ईश्वरी.
कृष्णेच्या पुलावर धुकं, पुढची एसटी नुसती दोन लाल ठिपके.
कराडात स्टँडमागं मुबीन मुल्लाचं दुकान.
त्यानं काउंटरवर चार मांडले:
पातळ काचेचा, दोनशे ऐंशीला;
स्टीलचा; जाळीच्या टोपणातला;
आणि निळ्या आकड्यांचा, जो ईश्वरीनं उचललाच.
"गॅरंटी?"
"उंबऱ्यापर्यंत माझी," मुबीन हसला,
"पाण्यात पडल्यावर अल्लाची."

आप्पांनी एकेक उजेडाकडे धरला,
नखानं वाजवला,
पूर्वी ओगलेवाडीची कंदिलाची काच घ्यायचे तसा.
वायरीच्या बुडाचं रबर दाबून पाहिलं.
"पाणी किती?"
पंचावन्न लिटर, मी म्हणालो.
"मंग पन्नासचा द्या, जाळीवाला."
थंडी आहे आप्पा, शंभर तरी.
"अडकायचं तर समदीच, कवातरी.
ह्यो अडकला तर पाणी सावकाश तापंल.
माणसाला उठायला येळ मिळाला पायजे."

मुबीननं बिलबुकाच्या पाठीवर हे लिहून घेतलं
आणि वीस रुपये कमी लावले.

घरी तीन दिवस बादलीत.
मासे नाहीत, नुसतं पाणी आणि तो.
थर्मामीटर वेगळा, साठ रुपयांचा,
कारण हीटर स्वतःबद्दल जे सांगतो ते धरायचं नसतं.
सव्वीस. पंचवीस. सव्वीस.
ईश्वरी गणिताच्या वहीत मागच्या बाजूनं लिहायची.
आप्पांनी थर्मामीटरकडे एकदाही पाहिलं नाही.
प्लग काढायचे, कोपर बुडवायचे, डोळे मिटायचे,
"अर्धा कमी हाय."
असायचा.

त्यांच्या मनगटावर पाकाचा डाग आहे,
पिंपळाच्या पानाएवढा.
एका हंगामात एकदाच उशीर झाला होता.
कुणाशी बोलत थांबले होते, ते सांगत नाहीत.

आता टाकीत पाच मॉली आहेत, एक गाभण.
परवा रात्री दोनला पाणी प्यायला उठलो
तर आप्पा टाकीपुढं स्टुलावर,
अंगावर घोंगडं, तोंडावर लाल उजेड.
झोपा की, म्हटलं.
"थांब. इझायची वाट बघतुय."

मीही थांबलो, थंड फरशीवर, हातात तांब्या.
बारीक टक् झालं.
लाल गेलं.
आप्पा उठले, जाताना उगाच
पंपाची वायर जरा भिंतीकडं सारली.