पाच सरळ, नऊ डोलणारे

अडॅप्टर फोडायला शेवटी छिन्नीच लागली.
आत काळं डांबर, दगडासारखं घट्ट.
स्क्रू नाही, फट नाही, वाऱ्याला वाट नाही.
काकांनी मस्कतहून आणलेली वीट ती,
बंद पडली की कुणी उघडू नये
असं ठरवूनच ओतलेली.

साल अठ्ठ्याऐंशी.
‘अक्कानं रातभर चालू ठेवला, म्हणून जळला,’
असं दादांना सांगणारा मी.
त्यानंतर तिचा हात कीबोर्डला लागला नाही.
पुढच्या वैशाखात ती बीदरला गेली.
कॉम्प्युटर माळ्यावर.

उदगिरात रेवणप्पाचं वायंडिंगचं दुकान,
दारातच बोअरच्या मोटारी, तांब्याची आतडी बाहेर काढून.
म्हटलं, बारका ट्रान्सफॉर्मर पाहिजे,
एकाच पिनेतून पाच व्होल्ट सरळ, नऊ डोलणारे.
‘कशाला?’
सांगितलं.
‘मग दोनशे तीस धरून चालू नका, सर.
ते कागदावर.
आपल्याकडं सांजच्याला एकशे सत्तर
अन् पंप बंद झाले की दोनशे साठ.’

वेढे मोजले त्यानं कन्नडात, ओठातल्या ओठात.
चहा आला तेव्हा आकडा
खडूनं फळीवर लिहिला, मग कप उचलला.
रेग्युलेटरला पाठ टेकायला
बजाज स्कूटरच्या पत्र्याचा तुकडा.
फरसाणाच्या डब्याला खिळ्यानं भोकं,
ओळीत नाहीत, पण भरपूर.

मी वायर घेऊन पुढं सरकलो तर हात धरला.
‘पयले बल्ब. मशीन मागून.’
लुनाचा बल्ब तासभर पिवळा जळत राहिला.
तेवढ्यात त्यानं जुन्या विटेचा कपचा उचलला,
हुंगला.
‘ह्यो कुणी जाळलेला न्हाई.
ऊब कोंडून आतल्या आत गेलाय.
चालू ठिवा, बंद ठिवा,
जाणारच हुता.’

मीटरवर पाच पूर्णांक शून्य दोन.
मी तेच बघत राहिलो,
तिसरा आकडा हलतो का म्हणून.

रात्री पडदा निळा झाला.
कोपऱ्यात चौकोन, उघडझाप.
काही टाइप करायचं सुचेना. बीदरला फोन लावला.
‘अक्का, तो अडॅप्टर तू जाळला नव्हतास.’
पलीकडं कुकरची शिट्टी,
दुसरी.
‘ठावं हाय की मला,’ ती म्हणाली.
‘फ्यूज घातलास का?’
‘घातला.’
‘किती अँपिअरचा?’

मी डबा उलटा करून
उजेडाकडं धरला.