टिंब देऊ नका

सहा दिवस पाळण्याच्या चिठ्ठीवर फक्त
"आरेफाची मुलगी, दोन किलो सातशे".
भाऊ म्हणाला, फुफीचा मान, तूच ठरव.
शेजारची चंद्रकला म्हणाली, आमच्यातही आत्याच ठेवते,
कानात कुर्र करते, पाठीत बुक्के खाते.
बुक्क्यांपुरती का होईना, मी दोन्हीकडची.

माझं नाव कुलसुम.
वडाळ्याच्या शाळेत बाईंनी लिहिलं कुसुम.
एक ल सांडला, कुणी उचलला नाही.
दहावीपर्यंत मी फूल होते,
घरी आले की पुन्हा भरल्या गालांची.
कुलसुमचा अर्थ तो आहे म्हणे,
आणि माझे गाल बघा.
आजही आधारवर एक, रेशन कार्डावर दुसरी,
बँकेतला माणूस विचारतो, या दोघी बहिणी का?

म्हणून जपून.

दिवसभर पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये
घड उलटा धरून कात्रीनं मणी काढते,
फुटका, बारका, डागाळलेला.
तशीच नावं काढत गेले.
भावाच्या मोबाइलमध्ये प्रत्येक नावाचा अर्थ राजकुमारी;
एवढ्या राजकुमाऱ्यांना वडाळ्यात जागा नाही.
आयत म्हटलं, हाफिजसाब खूश झाले,
पण भूमितीच्या तासाला पोरं विचारतील
हिची लांबी किती, रुंदी किती.
राबिया छान. भाभीनं मान हलवली,
राबायचं नावातच कशाला लिहून द्यायचं,
ते न मागता मिळतं.
अगं, राबिया म्हणजे चौथी.
मग वरच्या तिघी कुठून आणू, म्हणाली.

बोर्डावर नोटीस होती,
नवी मजुरी एक तारखेपासून अमलात.
दोन हंगाम तीच नोटीस, तारीख तेवढी नवी.
अमलात येईल तेव्हा खरं, चंद्रकला म्हणाली
आणि एक सडका मणी बादलीत टाकला.
माझी कात्री थांबली.

हाफिजसाबनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोनदा लिहिलं.
अलिफनं सुरू केलं तर अमल म्हणजे आस.
ऐननं केलं तर अमल म्हणजे करणं.
दोन वेगळे शब्द आहेत, ऐन घशातून काढ.
मी काढून पाहिला. भाभी हसली, टाके दुखले तिचे.
मग मी खाली मराठीत लिहिलं.
अ. म. ल.
आपल्याकडे दोघंही एकाच दारातून येतात,
आस आणि ती पार पाडणं,
चपला एकाच जागी काढतात.

सातव्या दिवशी केस उतरवले.
सराफ बाजारात काट्यावर ग्रॅमसुद्धा भरेना,
वाऱ्यानं उडतील म्हणून सराफानं पंखा बंद केला.
तेवढ्या चांदीचे पैसे भावानं वाटले,
वर आपली एक पन्नासची नोट.
अजान त्यानं पहिल्याच दिवशी दिली होती.
मी कानाशी वाकले, नाव सांगितलं.
कुर्रही केलं, हळूच.
हाफिजसाब तेवढा वेळ छताकडे बघत होते.
तिनं जांभई दिली.
चंद्रकलानं बुक्का घातला, जरा जोरातच.

आज महापालिकेच्या खिडकीवर.
अंमल ना? आतले साहेब विचारतात.
टिंब देऊ नका, मी म्हणते.
टिंब दिलं की सत्ता होते, नशा होते.
ते चष्मा वर करतात. तुम्ही कोण?
आत्या.
नाव?
मी दोन्ही कार्डं काचेखालून सरकवते.
ते एकदा हे बघतात, एकदा ते.
माझं राहू द्या, म्हणते, आधी तिचं लिहा.
तीनच अक्षरं आहेत.
ल शेवटी येतो,
तो येईपर्यंत मी इथंच उभी आहे.